टास्क उडवला तर तासांचं काय? रेडमाइन, जिरा, ईआरपीनेक्स्ट आणि ओडू यांची एकाच प्रश्नावर पारख

रावेर तालुक्यातल्या एखाद्या केळीबागेचं ठिबकचं डिझाइन धरा. ‘गट ८७, सबमेन लेआउट’ नावाचा टास्क आहे. त्यावर सर्व्हेचे ४ तास, ड्रॉइंगचे ५.५ आणि शेतावर जाऊन केलेल्या दुरुस्तीचे २, असे तिघांचे मिळून ११.५ तास चढलेले आहेत. व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचून ऑफिसातल्या दुसऱ्याच कुणी त्याच कामाचा आणखी एक टास्क उघडून ठेवलेला. महिनाअखेरीला यादी साफ करायला बसलेला माणूस दोन्ही पाहतो, ‘हा डबल आहे’ म्हणतो आणि एक डिलीट करतो. नेमका तास चढलेला. ताशी ६०० रुपये दर धरला तर ६,९०० रुपयांचं काम बिलातून उतरलं. शिवाय तिघांच्या महिन्याच्या हजेरीत खड्डा पडला, तो वेगळाच.

जळगावची एमआयडीसी असो, गोलाणी मार्केटमधलं चार टेबलांचं सॉफ्टवेअर ऑफिस असो की धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतली फॅब्रिकेशन ड्रॉइंगची शाखा, जिथे तासांवर बिल निघतं तिथे हा प्रश्न येतोच. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या डेमोत मात्र तो कधी येत नाही. डेमोत गँट चार्ट दिसतो, रंगीत बोर्ड दिसतो. डिलीटचं बटण कुणी दाबून दाखवत नाही. म्हणून या परीक्षणात बोर्ड कसा दिसतो, मोबाइल ॲप कसं चालतं याचा विचारच केलेला नाही. तास चढलेला टास्क डिलीट केला तर काय होतं, एवढ्याच कसोटीवर कामं आणि त्यांचे तास नोंदवणारी चार सॉफ्टवेअर घासून पाहिली आहेत.

आधी मुळातलं कारण समजून घेऊ, म्हणजे पुढचे फरक आपोआप उलगडतात. काही सॉफ्टवेअरमध्ये तासांची नोंद हे टास्कचं पोर असतं. टास्क गेला की त्याच्या कमेंट, फाइली आणि तास सगळे त्याच्याबरोबर जातात. रेडमाइन आणि जिरा या घरातले. काहींमध्ये तासांची नोंद हा स्वतंत्र दस्तऐवज असतो आणि टास्कचा त्यात फक्त उल्लेख असतो, जसा पावतीवर गिऱ्हाइकाच्या नावाचा असतो. ईआरपीनेक्स्ट आणि ओडू या घरातले. दाणाबाजारातला मुनीम चुकलेल्या नोंदीवर रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहितो, वहीचं पान फाडत नाही. दुसऱ्या घरातली सॉफ्टवेअर हिशेबाच्या बाजूने वाढलेली आहेत, म्हणून ती मुनीमासारखी वागतात. पहिल्या घरातली बग नोंदवण्याच्या यादीतून वाढलेली. यादीतली ओळ खोडली म्हणजे खोडली.

रेडमाइन

खानदेशातल्या छोट्या ऑफिसांना परवडणारं म्हणून रेडमाइनकडे आधी बघावं लागतं. २००६ पासून चालू आहे, मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत, जुन्या पीसीवर उबंटू टाकून ऑफिसातच चालवता येतं. नेट गेलं तरी काम थांबत नाही, ही इकडे मोठी सोय.

तास चढलेला टास्क डिलीट करायला गेलात की रेडमाइन थांबतं आणि विचारतं: जो टास्क काढताय त्यावर ११.५० तास नोंदलेले आहेत, त्यांचं काय करायचं? खाली तीन पर्याय असतात. नोंदलेले तास डिलीट करा; तास प्रोजेक्टवर टाका; किंवा तास अमुक क्रमांकाच्या टास्कवर वळवा, आणि पुढे क्रमांकासाठी रिकामी चौकट. तासांना टास्कचं पोर मानणाऱ्या घरातलं असूनही रेडमाइन विचारतं, याचे त्याला पूर्ण गुण. पालक टास्क काढला तर खालचे सबटास्कही जाणार हे ते आधी सांगतं आणि त्यांचेही तास त्या आकड्यात धरतं.

गोम पुढे आहे. तीन पर्यायांपैकी पहिला, म्हणजे तास डिलीट करण्याचा, आधीच निवडलेला असतो. घाईत ‘पुढे’ म्हणणाऱ्या माणसाकडून सगळ्यात वाईट तेच घडतं. हा या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा दोष, आणि मेन्यूतून बदलता येईल अशी त्याला सेटिंगही नाही. शिकवताना माणसाच्या हाताला एकच वळण लावायचं: हा पडदा दिसला की आधी आकडा वाचायचा, मग बटणाकडे जायचं.

दुसरा पर्याय, तास प्रोजेक्टवर टाकण्याचा, बेरीज वाचवतो पण ओळख घालवतो. एकूण तास बरोबर राहतात, माणसाचं नाव राहतं, तारीख राहते. पण टास्कनिहाय अहवालात टास्कचा रकाना रिकामा दिसतो. गिऱ्हाइकाने ‘हे साडेअकरा तास कशाचे?’ विचारलं तर उत्तर तास टाकताना लिहिलेल्या शेऱ्यातूनच मिळणार. शेरा रिकामा असेल तर उत्तरही रिकामं. म्हणून ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या सेटिंग्जच्या टाइम ट्रॅकिंग भागात जाऊन शेरा सक्तीचा करून टाका. तिथेच टास्क क्रमांक सक्तीचा करण्याचीही खूण आहे. ती केली तर एक परिणाम लक्षात ठेवा: टास्कविना तास ठेवता येत नाहीत, त्यामुळे डिलीट करताना ‘प्रोजेक्टवर टाका’ हा मार्ग बंद होतो आणि उडवणे किंवा वळवणे एवढंच उरतं. जिथे बिल टास्कनिहाय निघतं तिथे हे बंधन चांगलंच. जिथे मीटिंग, प्रवास असे मोकळे तासही टाकले जातात तिथे ते जाचक ठरेल.

तिसरा पर्याय, वळवण्याचा, सगळ्यात उपयोगी, पण त्याला अटी आहेत. ज्या टास्कवर वळवायचं तो त्याच प्रोजेक्टमधला हवा, नाहीतर ‘या प्रोजेक्टमध्ये सापडला नाही’ असं उत्तर येतं. जे टास्क आत्ता डिलीट होताहेत त्यांच्यापैकीच एकावर तास वळवता येत नाहीत. वेगवेगळ्या प्रोजेक्टमधले टास्क एकदम निवडून डिलीट करायला गेलात तर वळवण्याची चौकट येतच नाही. आणि वळवलेल्या तासांवर ‘हे आधी अमुक टास्कवर होते’ अशी कुठलीही खूण राहत नाही. नोंदीची बदलल्याची वेळसुद्धा हलत नाही. सहा महिन्यांनी कुणी खोदायला बसलं तर हाती काही लागत नाही.

म्हणून यापेक्षा बरा रस्ता असा. डिलीटच्या पडद्यापर्यंत जायचंच नाही. आधी प्रोजेक्टच्या ‘स्पेंट टाइम’ पानावर जा, तपशिलाच्या यादीत तो टास्क गाळणीने वेगळा काढा, सगळ्या ओळींना खूण करा, राइट क्लिक करून एकदम संपादन उघडा आणि टास्कच्या चौकटीत बरोबर टास्कचा क्रमांक टाका. ११.५ ची बेरीज नव्या टास्कवर दिसते का ते पाहा. मग जुन्या टास्कवर ‘डुप्लिकेट’ हे नातं जोडून तो बंद करा. बंद केलेला टास्क कुणालाच त्रास देत नाही. यादीत दिसत नाही, शोधला तर सापडतो. त्याचा इतिहासही जागेवर राहतो.

काही ऑफिसांत ‘कचरापेटी’ नावाचा प्रोजेक्ट काढून नको असलेले टास्क तिकडे हलवायची पद्धत आहे. रेडमाइनमध्ये ही पद्धत घातक आहे. टास्क दुसऱ्या प्रोजेक्टात गेला की त्याचे तासही मागोमाग जातात. मूळ प्रोजेक्टचं बिल तेवढ्याने हलकं होतं, आणि कुणी काही डिलीट केलेलं नसल्याने चूक शोधायला दोन दिवस जातात.

एपीआयचा, म्हणजे स्क्रीन न उघडता दुसऱ्या प्रोग्रॅमने सॉफ्टवेअरला हुकूम देण्याच्या वाटेचा, धोका याहून मोठा. स्क्रीनवर येणारा प्रश्न हा स्क्रीनपुरताच आहे. एखाद्या स्क्रिप्टने किंवा जोडलेल्या दुसऱ्या ॲपने एपीआयमधून टास्क डिलीट केला आणि तासांचं काय करायचं ते सांगितलं नाही, तर रेडमाइन काहीही न विचारता तासांसकट टास्क काढून टाकतं. टॅलीशी किंवा एक्सेलशी जोडणी करून देणाऱ्याला हे आधी सांगा. त्या जोडणीसाठी वेगळा युजर करा आणि त्याच्या रोलमधून ‘टास्क डिलीट’ची परवानगी काढून घ्या. तशी ती सगळ्यांच्याच रोलमधून काढावी, फक्त एका माणसाकडे ठेवावी. ॲडमिनिस्ट्रेशन, मग रोल्स अँड परमिशन्स, मग त्या रोलच्या यादीतली ‘डिलीट इश्यूज’ची (इश्यू म्हणजेच टास्क) खूण काढा. सुरुवातीच्या तयार रोलमध्ये डेव्हलपरकडे ही परवानगी नसते, मॅनेजरकडे असते. आपल्याकडे निम्मं ऑफिस मॅनेजर करून ठेवलेलं असतं, घोळ तिथे होतो.

तास गेलेच, तर परत आणण्याचा मार्ग बॅकअपमधून जातो. रेडमाइनमध्ये ट्रॅश नाही. आदल्या रात्रीचा डेटाबेसचा बॅकअप चालू रेडमाइनवर चढवू नका. तसं केलंत तर आज दिवसभर सगळ्यांनी टाकलेलं काम पुसलं जाईल. तो वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उघडा. त्यातल्या तासांच्या टेबलातून त्या टास्क क्रमांकाच्या ओळी काढा: तारीख, माणूस, तास, कामाचा प्रकार, शेरा. त्यांची सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) करा. रेडमाइनमध्ये त्या कामाचा नवा टास्क उघडा, कारण जुना क्रमांक परत मिळत नाही. फाइलमध्ये नवा क्रमांक घाला आणि स्पेंट टाइमच्या पानावरून ती इंपोर्ट करा. ही इंपोर्टची सोय ४.१ या आवृत्तीपासून आहे. त्याहून जुनं रेडमाइन असेल तर एकेक नोंद हातानेच भरावी लागते.

इंपोर्ट करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, दुसऱ्याच्या नावाने तास टाकण्याची परवानगी इंपोर्ट करणाऱ्याकडे हवी. नसेल तर तिघांचे तास एकट्या त्याच्याच नावावर चढतात. ही परवानगीही ४.१ पासूनच आली. दुसरं, तारखेची पद्धत दिवस-महिना-वर्ष अशी निवडलेली आहे का ते पाहा, नाहीतर ५ जूनचे तास ६ मेला जाऊन बसतात. तिसरं सगळ्यात जास्त होतं: साडेअकरा म्हणजे ११.५ किंवा ११:३०. बिंदू देऊन ११.३० लिहिलंत तर ते ११ तास १८ मिनिटं होतात. बारा मिनिटांची ही चूक एका नोंदीत दिसत नाही, महिन्याच्या शंभर नोंदींत २० तासांपर्यंत जाते.

ऑफिसातच सर्व्हर असेल तर बॅकअपची डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, बंद कपाटात त्याहून जास्त. वीज गेली की पंखा बंद आणि यूपीएसवर मशीन चालूच. अशा कपाटात दोन्ही डिस्क एकाच उन्हाळ्यात दगावू शकतात. रात्रीचा बॅकअप रोज दुसऱ्या जागी गेला पाहिजे. निदान १ तारखेला महिन्याच्या तासांची सीएसव्ही काढून हिशेब बघणाऱ्याकडे द्यावी.

जिरा

जिरावर सगळ्यात कडक बोलावं लागतं, कारण बऱ्याच मोठ्या टीम तेच वापरतात आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाचं काम घेतलं की ते इकडेही येतंच. जिरात टास्क डिलीट करताना इशारा येतो: हा टास्क, त्याच्या कमेंट, जोडलेल्या फाइली आणि त्याचा सगळा डेटा कायमचा जाईल, खात्री नसेल तर त्याऐवजी टास्क बंद करा. सल्ला चांगला आहे. पण तासांचा शब्द त्यात नाही. ११.५ हा आकडा कुठेच दिसत नाही, तास वळवायचा पर्याय नाही. ‘सगळा डेटा’ या दोन शब्दांत तिघांची तीन दिवसांची मेहनत बसलेली असते.

आणखी खटकणारी गोष्ट ही की जिरा क्लाउडमध्ये अख्खा प्रोजेक्ट डिलीट केला तर तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, परत आणता येतो; एकटा टास्क डिलीट केला तर तो त्याच क्षणी संपतो. मोठ्या चुकीला माफी आहे, रोजच्या छोट्या चुकीला नाही. टास्क बाजूला ठेवण्याची अर्काइव्हची सोय आहे, पण क्लाउडवर ती प्रीमियम आणि त्यावरच्या योजनांत.

उपाय परवानगीत आहे. परमिशन स्कीममध्ये ‘डिलीट इश्यूज’ ही परवानगी सगळ्या रोलमधून काढून एका ॲडमिन गटाला द्या. ‘डिलीट ऑल वर्कलॉग्ज’ही तशीच आवळा; वर्कलॉग म्हणजे तासांची नोंद. ‘डिलीट ओन वर्कलॉग्ज’ ठेवायला हरकत नाही. स्वतःची चुकलेली नोंद काढता आली नाही तर माणसं शून्य तासाच्या नोंदी टाकत बसतात. एकदम बरेच टास्क बदलण्याची ‘बल्क चेंज’ परवानगीही मर्यादित ठेवा, कारण त्या एका फेरीत शेकडो टास्क उडवता येतात. मग वर्कफ्लोमध्ये ‘डुप्लिकेट’ आणि ‘करायचं नाही’ अशी रिझोल्यूशन (टास्क बंद करण्याची कारणं) ठेवा, म्हणजे डिलीट करण्याची गरजच पडणार नाही.

पण मोफत योजनेत हे करता येत नाही. जिराची मोफत योजना १० माणसांपर्यंत चालते आणि छोटं ऑफिस साहजिक तिथेच थांबतं. त्या योजनेत प्रोजेक्टच्या परवानग्या बदलता येत नाहीत. म्हणजे ज्या ऑफिसकडे बॅकअपचा माणूस नाही त्याच ऑफिसला डिलीटचं कुलूपही मिळत नाही. आठ जणांच्या, तासांवर बिल काढणाऱ्या ऑफिसने मोफत जिरावर एकमेव नोंद ठेवू नये, हे स्पष्ट सांगणं भाग आहे.

तरीही ते वापरत असाल तर दर शुक्रवारी चालू महिन्याच्या वर्कलॉगची गाळणी लावून सगळ्या रकान्यांची सीएसव्ही काढा. त्यात ‘लॉग वर्क’ नावाचे रकाने असतात आणि तास तिथे सेकंदांत येतात. ११.५ तास म्हणजे ४१,४००. त्या आकड्याला ३,६०० ने भागायचं. पहिल्यांदा ती फाइल बघणारा दचकतो, म्हणून आधीच सांगितलं.

ईआरपीनेक्स्ट

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. इथे टाइमशीट, म्हणजे तासांची नोंद, हा स्वतंत्र कागद आहे, टास्कचं नाव त्यातल्या एका ओळीत असतं. टास्क डिलीट करायला गेलात की सरळ नकार: हा टास्क अमुक क्रमांकाच्या टाइमशीटला जोडलेला आहे, काढता येणार नाही. क्रमांकावर क्लिक केलं की ती टाइमशीट उघडते. पर्याय नाहीत, आधीच निवडलेलं काही नाही, म्हणून घाईत चूक होत नाही. टाइमशीट ड्राफ्ट असो की सबमिट केलेली, दोन्ही अडवतात. रद्द केलेली मात्र अडवत नाही.

टास्क चुकीचाच असेल तर टाइमशीट कॅन्सल करायची, अमेंड करायची (दुरुस्तीसाठी तिची नवी प्रत काढायची), ओळीतला टास्क बदलायचा, पुन्हा सबमिट करायची. नव्या टाइमशीटच्या क्रमांकाला शेवटी -१ लागतो आणि जुनी रद्द म्हणून शिल्लक राहते. लाल रेघ मारलेली नोंद म्हणतात ती हीच. वेळ लागतो, पण सहा महिन्यांनी ‘इथे काय झालं होतं’ हे कुणालाही वाचता येतं.

फसगत होते ती बिल निघाल्यानंतर. त्या टाइमशीटवरून सेल्स इनव्हॉइस सबमिट झालेलं असेल, आणि तुम्ही टाइमशीट कॅन्सल करायला गेलात, तर ‘जोडलेले हे कागदही रद्द करायचे का’ असं विचारणारी यादी समोर येते. त्यात इनव्हॉइस असतं. ‘सगळे रद्द करा’ दाबलंत तर एका टास्कचं नाव दुरुस्त करायच्या नादात गिऱ्हाइकाला गेलेलं बिल रद्द होतं. ई-इनव्हॉइस लागू असेल तर आणखीच अवघड, कारण पोर्टलवर आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. बिल निघालेल्या टाइमशीटला हात लावू नका. टास्कचं स्टेटस ‘कॅन्सल्ड’ करा आणि टास्कमध्येच एक कमेंट लिहून ठेवा.

‘कॅन्सल्ड’चीही एक बाजू सांभाळावी लागते. प्रोजेक्टची प्रगती ‘टास्क कम्प्लीशन’ पद्धतीने मोजत असाल तर रद्द झालेले टास्कही पूर्ण झालेल्यांत मोजले जातात. २० पैकी ५ रद्द आणि ५ पूर्ण असतील तर प्रोजेक्ट ५० टक्के दिसतो. गिऱ्हाइकाला टक्केवारी दाखवून हप्ता मागायचा असेल तर हे आधी वजा करा.

जे टास्क तासांविना असतात ते डिलीट होतात, पण त्यांचीही प्रत ‘डिलीटेड डॉक्युमेंट’च्या यादीत राहते आणि तिथून परत आणता येते. या एका सोयीने अनेक फोन वाचतात. अर्थात सर्व्हरच्या कन्सोलवरून जबरदस्तीने डिलीट करणाऱ्याला हे काहीच अडवत नाही. कन्सोलचा पासवर्ड कुणाकडे आहे ते मालकाला माहीत असावं.

उणीव शिकण्याच्या वेळेत आहे. रेडमाइन दोन दिवसांत अंगवळणी पडतं. ईआरपीनेक्स्टला ड्राफ्ट, सबमिट, कॅन्सल, अमेंड ही साखळी समजावी लागते, आणि ड्रॉइंग करणाऱ्या पोराला ती सुरुवातीला ओझं वाटते. हिशेब आणि काम एकाच ठिकाणी ठेवायचं असेल तरच हा खटाटोप घ्यावा. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं सक्तीचं आहेच, तेव्हा ही शिस्त एरवीही लागणारच.

ओडू

ओडूचं वागणं ईआरपीनेक्स्टच्याच वळणाचं, म्हणून थोडक्यात. टास्क डिलीट करायला गेलात की संदेश येतो की यावर टाइमशीटच्या नोंदी आहेत, आधी त्या काढा. आणि त्या नोंदी दाखवणारं बटण तिथेच असतं. कारण असं की ओडूत तासांची ओळ ही ॲनालिटिक अकाउंटची, म्हणजे कामनिहाय खर्च मोजणाऱ्या खात्याची, ओळ असते, तिला माणसाच्या ताशी खर्चाचा आकडा चिकटलेला असतो. तास असलेला कर्मचारीही डिलीट करू देत नाही. मेन्यूत ‘अर्काइव्ह’ आहे, तेच वापरा. टास्क नजरेआड होतो, तास अहवालात राहतात.

ते नोंदी दाखवणारं बटण मात्र मला धोक्याचं वाटतं. टास्क काढायची जिद्द असलेला माणूस त्यावरून नोंदींच्या यादीत जातो, सगळ्या निवडतो, डिलीट करतो आणि मग टास्कही काढतो. दोन पायऱ्या आहेत, पण त्या दुसऱ्या पायरीनंतर परत यायची वाट नाही. दुसऱ्यांच्या टाइमशीटवर अधिकार असलेली माणसं मोजकीच ठेवा.

क्लिकअप आणि आसना यांचं एकाच ओळीत: दोन्हीकडे डिलीट केलेला टास्क ३० दिवस परत आणता येतो. रोजच्या चुकीला ते पुरेसं आहे. पण बिलाच्या पुराव्याला नाही, कारण जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. बिल तासांवर निघत असेल तर ते तास त्या बिलाचा आधार आहेत. तेवढ्या मुदतीची प्रत टूलच्या बाहेर स्वतःकडे हवी.

कुणी काय घ्यावं

तासांवर बिल आणि जीएसटी दोन्ही एकाच जागी ठेवणाऱ्याने ईआरपीनेक्स्ट घ्यावं. या कसोटीवर पहिला क्रमांक त्याचाच. ओडू त्याच्या अगदी मागे. खर्चाला जपणाऱ्या, पाच ते पंधरा माणसांच्या ऑफिसने रेडमाइन घ्यावं, पण डिलीटची परवानगी काढून आणि शेरा सक्तीचा करूनच. न काढता वापरणं म्हणजे दार उघडं ठेवून कुलूप खिशात ठेवणं. जिरा गिऱ्हाइकाचा आग्रह असेल तर, आणि परवानग्या बदलता येणाऱ्या योजनेवरच.

रेडमाइन घेणाऱ्यांसाठी राहिलेली एक गोष्ट: नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं डिलीट करू नका, लॉक करा. खातं डिलीट केलं तर त्याने टाकलेले सगळे तास ‘अनामिक’च्या नावावर जातात. बेरीज बरोबर राहते, नाव कायमचं जातं.

कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्यासमोर दहा मिनिटांची ही चाचणी करा. नवा प्रोजेक्ट उघडायला लावा. एका टास्कवर ३ तास टाका, त्याच्या सबटास्कवर दुसऱ्या युजरच्या नावाने १.५ तास. प्रोजेक्टची बेरीज ४.५ दिसते हे पाहून ठेवा. मग साध्या युजरने पालक टास्क डिलीट करून पाहा. जमलं तर बेरीज पुन्हा बघा. तोच प्रयोग यादीतून एकदम दोन टास्क निवडून करा, तोच एपीआयमधून करायला सांगा, आणि शेवटी टास्क दुसऱ्या प्रोजेक्टात हलवून करा. प्रत्येक वेळी आधी नवे तास टाकून. या चारही वेळा तुमच्या प्रोजेक्टची बेरीज ४.५ राहिली, किंवा सॉफ्टवेअरने तास चढलेले आहेत हे दाखवून अडवलं, तर पुढची बोलणी करा. एपीआयच्या फेरीत आकडा शून्यावर आला आणि विक्रेता ‘असं कुणी करत नाही’ म्हणाला, तर डिलीटची परवानगी कुठून काढायची ते त्याच बैठकीत त्याच्याकडून करून घ्या.